लिंगछू कालवा बघायला जाताय? मग पाणी जसं वाहतं तसं चाला

चीनमधला जुना कालवा म्हटलं की सगळे बीजिंग ते हांगचौच्या त्या मोठ्या कालव्याचंच नाव घेतात, आणि तो आहेच तेवढा मोठा, पण एका दिवसात पायी फिरून स्वतःच्या डोळ्यांनी समजून घेता येईल असा कालवा कुठला असं मला कोणी विचारलं तर मी लिंगछू सांगतो. क्वांगशी प्रांतात, क्वेलिन शहराच्या ईशान्येला साधारण 60 किलोमीटरवर शिंगआन नावाचा तालुका आहे, तिथे हा कालवा आहे, लांबी फक्त 36 किलोमीटरच्या आसपास, आणि वय बावीसशे वर्षांपेक्षा जास्त. अजून त्यात पाणी वाहतंय, अजून त्या पाण्यावर भातशेती होते.

बहुतेक जण क्वेलिनचे डोंगर बघायला आलेले असतात आणि इथे जेमतेम तासभर येऊन "नदीकाठची बाग छान आहे" म्हणून परत जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण वरवर बघितलं तर दिसतं काय, तर एक बुटका दगडी बंधारा आणि दोन बाजूंना जाणारे दोन पाट, बस. ज्यांना खरंच काहीतरी समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी कुठून सुरुवात करायची, काय शोधायचं, कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही घालवला तरी चालेल, ते सगळं लिहितोय.

आधी घरी बसून अर्धा तास काढा. सॅटेलाइट मॅप उघडा, शिंगआन शोधा, आणि दोन नद्या बोटाने ट्रेस करा. एक शियांग नदी, ती उत्तरेला जाते आणि तुंगथिंग सरोवरातून यांगत्से नदीला मिळते. दुसरी ली नदी, ती दक्षिणेला जाते, क्वेलिनवरून पुढे वाहत शेवटी पर्ल नदीच्या खोऱ्यात पोचते. म्हणजे दोघींची तोंडं पूर्ण विरुद्ध दिशेला. आणि शिंगआनपाशी या दोन नद्यांचे वरचे प्रवाह इतके जवळ येतात की मधे दीडेक किलोमीटरचंच अंतर उरतं, फक्त मधे एक टेकाड आहे. हे एकदा मॅपवर दिसलं ना की अर्धं काम झालं, कारण पुढचं सगळं या एका जागेवरून सुरू होतं.

आता इतिहास थोडक्यात, नाहीतर तिथे उभं राहून हे कशासाठी केलं तेच कळत नाही. ख्रिस्तपूर्व 221 मध्ये छिन सम्राटाने उत्तरेकडची सगळी राज्यं जिंकून एक देश केला आणि मग त्याचं लक्ष दक्षिणेकडे गेलं. सैन्य पाठवलं, पण तिकडे डोंगर, जंगल आणि स्थानिक लोकांचा कडवा प्रतिकार, थू स्वेई नावाचा सेनापतीच मारला गेला, आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे धान्य. उत्तरेतून होडीत भरलेलं धान्य शियांग नदीतून शिंगआनपर्यंत यायचं आणि तिथे नदीच संपायची. मग शी लू नावाच्या अधिकाऱ्याला हुकूम झाला की पाट खणा आणि होड्या पलीकडे न्या. ख्रिस्तपूर्व 214 च्या सुमाराला काम झालं असं धरतात आणि त्याच वर्षी दक्षिणेचा मुलूख सम्राटाच्या हातात आला. म्हणजे कालवा युद्धासाठी खणला, हे विसरू नका, पण नंतरची दोन हजार वर्षं त्यातून नेलं काय, तर धान्य, मीठ, कापड आणि माणसं.

आणि एक प्रश्न मनात ठेवूनच जा. दोन नद्या जिथे सगळ्यात जवळ आहेत तिथेच का नाही खणलं? उत्तर असं की त्या जागी शियांगचं पाणी खाली आहे आणि लीच्या बाजूचा ओढा वर आहे, तिथे बांध घालायचा तर खूप उंच घालावा लागला असता. शेतात पाट काढणाऱ्याला हे सांगायची गरजच नाही, पाणी उंचावरच्या रानात न्यायचं असेल तर नदीच्या वरच्या अंगाला जाऊन पाट काढावा लागतो. शी लूने नेमकं तेच केलं, नदीने वरच्या बाजूला सरकला, जिथे पाणी मुळातच उंच आहे तिथे बुटका बंधारा घातला आणि तिथून डोंगराच्या कडेकडेने हळूहळू पाणी आणलं. पूर्ण कालव्याची अक्कल या एका निर्णयात आहे असं माझं मत आहे, बाकी सगळं त्यानंतरचं.

कधी जायचं ते तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. त्या भागात एप्रिल ते जुलैमध्ये पाऊस जोरात असतो, तेव्हा बंधाऱ्यावरून पाणी पूर्ण लांबीभर पांढरं होऊन पडतं, ते बघायला भारी वाटतं पण दगड दिसत नाहीत. मला विचाराल तर शरद किंवा हिवाळ्यात जा, पाणी उतरलेलं असतं आणि बांधकाम उघडं पडतं. क्वेलिनहून शिंगआनला बस आहे, हायस्पीड रेल्वेचं शिंगआन उत्तर नावाचं स्टेशन पण आहे, पासपोर्ट जवळ ठेवा कारण त्याशिवाय ट्रेनचं तिकीट नाही. कालव्याचं आणि गावाचं चिनी नाव मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला उपयोगी पडतं. खाण्यापिण्याचं वगैरे इथे लिहीत नाही.

आता प्रत्यक्ष जागेवर. पहिली गोष्ट, सुरुवात गावातून करू नका. बरेच लोक गावातल्या वॉटर स्ट्रीटवर उतरतात आणि तिथून उलटे चालत जातात, त्यामुळे क्रमच बिघडतो. सरळ बंधाऱ्यापाशी जा आणि तिथून पाण्याबरोबर खाली या.

नदीच्या मधोमध एक दगडी टोक दिसेल, वरच्या प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात घुसलेलं. त्याला ह्वाझ्वे म्हणतात, म्हणजे नांगराच्या फाळाचं तोंड, आणि नाव इतकं चपखल आहे की दुसरं काही सुचूच नये, कारण फाळ जशी माती दोन्हीकडे सारतो तसं हे पाणी सारतं. त्याच्या मागे बंधारा आहे, पण सरळ नाही, नदीला काटकोनात आडवा पण नाही, तर चिनी "माणूस" या अक्षरासारखा, म्हणजे दोन तिरपे पाय एका टोकाला जुळलेले. लांब पाय उत्तरेकडे, त्याला मोठा तराजू म्हणतात, आखूड पाय दक्षिणेकडे, तो छोटा तराजू. उजवीकडचं पाणी, डावीकडचं पाणी, असं बघत बसा थोडा वेळ. जुनी म्हण आहे तिथली की सात वाटे शियांगला आणि तीन वाटे लीला, म्हणजे सात वाटे उत्तरेच्या पाटाने आणि तीन वाटे दक्षिणेच्या पाटाने. बंधाऱ्याचे दोन पाय कमीजास्त लांबीचे ठेवून ही वाटणी साधली आहे. नदीला जास्त पाणी आलं की ते बंधाऱ्याच्या माथ्यावरून सरळ पलीकडे, शियांगच्या जुन्या पात्रात पडतं. म्हणजे हा बंधारा वाटणीही करतो आणि सांडवाही तोच, कोणी दार उघडायला नको का बंद करायला नको, रात्री पूर आला तरी आपलं आपण चालू. तराजू नाव का पडलं ते तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं. जवळच एक शिळा आहे, तिच्यावर "शियांग ली फन फाय" अशी चार अक्षरं आहेत, म्हणजे इथून शियांग आणि ली वेगळ्या होतात.

आता खाली वाका आणि बंधाऱ्याची उतरती बाजू बघा, आणि इथे घाई अजिबात करू नका. पाणी जिथून घसरतं तिथे दगड आडवे लावलेले नाहीत, उभे रोवलेत, पत्त्यांचा कॅट उभा धरावा तसे, एकाला एक चिकटून, फक्त वरची कड बाहेर. याला माशाचे खवले म्हणतात, आणि दिसतंही तसंच. फरसबंदी आडवी असती तर पुराचं पाणी एका कोपऱ्याखाली शिरून पूर्ण फरशी उचकटून गेली असती, उभ्या दगडाला उचकटायला तोंडच मिळत नाही, उलट पुराबरोबर आलेली वाळू आणि गाळ फटीत जाऊन बसतो आणि दगड अजून घट्ट होतात. म्हणजे जो पूर बांधकाम मोडायला येतो तोच ते आवळून जातो. माथ्यावरच्या मोठ्या दगडांत शेजारी शेजारी पाखराच्या शेपटीसारख्या खाचा कोरून त्यात लोखंड बसवलेलं असायचं, दोन दगड एकमेकांना धरून ठेवायला. आणि सगळ्याच्या खाली, नदीच्या गोट्यांमधे, पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकलेले आहेत. लाकूड पाण्यात कसं टिकलं असं वाटेल, पण कायम पाण्याखाली राहिलेलं पाइन कुजत नाही, हवा लागली तर कुजतं. तिकडे म्हणच आहे, पाण्यात बुडालेलं पाइन हजार वर्षं.

इथेच एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण जतन कसं करू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. 1396 साली मिंग राजवटीत यान झेनझ नावाच्या अधिकाऱ्याकडे दुरुस्तीचं काम आलं. माणूस कामाचा होता, हेतू चांगला होता, पण त्याने ते खवल्याचे दगड काढून टाकले आणि बंधारा उंच केला, म्हणजे मजबूत होईल आणि पाणी जास्त अडेल. झालं काय, तर पूर आल्यावर पाण्याला वरून जायला वाट राहिली नाही, त्याने काठ फोडले, सगळं पाणी उत्तरेच्या पाटात घुसलं आणि दक्षिणेचा पाट उथळ पडला, लोकांचं नुकसान झालं. 1404 साली परत जुन्या पद्धतीने बांधून घ्यावं लागलं. आठ वर्षांत चूक लक्षात आली आणि दुरुस्त पण केली, म्हणून आज आपल्याला खवले बघायला मिळतात. जुन्या बांधकामातला बुटकेपणा हा कमीपणा नव्हता, तोच हिशोब होता. म्हणून बंधाऱ्याच्या दगडांवर कृपया चढू नका, पाणी कमी असताना फोटोसाठी मोह होतो मला माहीत आहे, पण तिथला एक दगड सैल झाला तर शेजारचे चार सैल होतात.

उत्तरेचा पाट थोडा बघून परत या, सगळा चालायची गरज नाही. सव्वातीन किलोमीटरच आहे, पण त्याची नागमोडी वळणं नक्की बघा. सरळ खणला असता तर उतार जास्त झाला असता आणि होड्या वर चढल्या नसत्या, म्हणून मुद्दाम वळणं देऊन लांबी वाढवली आणि पाण्याचा वेग मारला.

मग दक्षिणेच्या पाटाच्या तोंडाशी या. तिथे नानतौ आहे, म्हणजे दक्षिणेचं तौमन, आणि तौमन, म्हणजे पाणी अडवून होडी पुढे न्यायचं दार, हा या कालव्याचा जीव आहे. दोन्ही काठांना समोरासमोर दगडी बुरूज, गोलसर आकाराचे, मधे साडेपाच-सहा मीटरची वाट. बस एवढंच दिसतं, आणि लोक पुलाचे उरलेले खांब समजून पुढे जातात. तुम्ही थांबा आणि दगडातल्या खाचा आणि भोकं शोधा, कारण त्यावरूनच हे दार कसं लावायचे ते कळतं.

पद्धत अशी. आधी एक बारका वासा घ्यायचा, त्याचं खालचं टोक एका बाजूला तळाच्या फरशीतल्या भोकात रोवायचं आणि वरचं टोक तिरपं नेऊन समोरच्या बुरुजाच्या खाचेत अडकवायचं. मग एक मोठा वासा तळाशी, एक टोक बुरुजावर आणि दुसरं या बारक्या वाशाला टेकवून, तसाच अजून एक वरच्या बाजूला. झाला सांगाडा. त्याला लाकडी तिकाटण्या टेकवायच्या, त्यावर बांबूचे तट्टे आणि चटया पसरायच्या, आणि पाण्याचा दाबच त्यांना घट्ट चिकटवून ठेवतो. मागे पाणी तुंबायला लागतं, पाटात होडी तरंगण्याइतकं झालं की एक माणूस त्या बारक्या वाशाचं टोक ठोकून खाचेतून सोडवतो, आणि पूर्ण दार पाण्याच्या जोरानेच मोकळं होतं. ना चाक ना साखळी, सगळा भार एका बारक्या काठीवर तोललेला आणि ती काठी निघाली की सगळं सुटतं. मी पहिल्यांदा हे समजून घेतलं तेव्हा त्या खाचेत बोट घालून कितीतरी वेळ उभा होतो.

वर चढणारी होडी असेल तर ती एका तौमनमधून आत आली की तिच्या मागचं दार लावायचं, पाणी साठू द्यायचं, मग पुढच्या तौमनपर्यंत सरकायचं, परत तेच. बाराव्या शतकात चौ छूफेइ नावाच्या अधिकाऱ्याने हे बघून लिहून ठेवलंय आणि तो तौमनची संख्या 36 सांगतो. होड्या डोंगराच्या कडेने पायरी पायरीने वर जायच्या आणि तशाच पायरी पायरीने खाली उतरायच्या. आपण आज लॉक म्हणतो त्याच विचाराच्या सुरुवातीला ही गोष्ट उभी आहे, आणि तीही बांबू आणि वाशांची.

ही तौमनं पहिल्या दिवसापासून होती असं समजू नका. 825 साली थांग राजवटीतला ली पो नावाचा अधिकारी आला, त्याच्या वेळी कालवा पार खराब झालेला होता, त्याने तो परत चालू करायचा प्रयत्न केला आणि तौमनं बसवली, पण हाताखालच्यांनी काटक्यांच्या मोळ्या वापरून काम उरकलं आणि ते टिकलं नाही. मग 868 साली यू मंगवेइ आला. त्याने फाळ आणि बांध मोठ्या दगडांनी बांधले, तौमनं 18 केली आणि चांगल्या टणक लाकडाची केली, आणि स्वतःच्या नोंदीत स्पष्ट लिहिलं की काटक्यांच्या मोळ्यांना मनाई आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कामात मटेरियलच्या दर्जाबद्दल हे लिहिलेलं वाचलं की मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

इथून पुढे गावापर्यंत दोन-तीन किलोमीटर छिनचा बांध आहे, यावरून चालत जा, दुसरं वाहन घेऊ नका. चालताना दोन्हीकडे बघत राहा, एका बाजूला पाट वर आहे आणि दुसऱ्या बाजूला शियांगचं जुनं पात्र खाली आहे, मधे तुम्ही आणि बांधाची भिंत. म्हणजे ही भिंत फुटली की पाटातलं सगळं पाणी परत नदीत, लीला काहीच नाही. म्हणूनच बांधात मधे मधे सांडवे ठेवलेत, जास्तीचं पाणी तिथून खाली पडतं. पुढे फेइलायशी नावाचा एक प्रचंड दगड आहे, नावाचा अर्थ उडत आलेला दगड. गोष्ट अशी सांगतात की एक दुष्ट जनावर रोज रात्री बांध फोडायचं, शेवटी आकाशातून हा दगड येऊन त्याच्यावर पडला. जवळच तीन सेनापतींची समाधी आहे, पहिल्या दोघांना काम जमलं नाही म्हणून मारलं, तिसऱ्याला जमलं पण दोघांच्या कष्टाचं श्रेय आपण कसं घ्यायचं म्हणून त्याने जीव दिला, असं लोक सांगतात. इतिहासाला हे धरून नसेल, पण गोष्ट नेमकी याच जागेला का चिकटली ते बघा, बांध इथे अरुंद आहे आणि फुटायची भीती इथेच जास्त. शेकडो वर्षं इथे रात्री जागलेल्या माणसांनी ती धास्ती गोष्टीत घालून ठेवली असं मला वाटतं.

वाटेत चार सज्जनांचं मंदिर लागेल. शी लू, हान काळातला सेनापती मा युआन, ली पो आणि यू मंगवेइ, हे चौघे. लक्षात घ्या, यातला फक्त एक बांधणारा आहे, बाकीच्या तिघांचा मान दुरुस्तीचा आहे. अंगणात एक जुनं झाड आहे ज्याने एक दगडी शिळा बुंध्यात अर्धीमुर्धी गिळलीये आणि अजून गिळतंच आहे, खोडाची साल दगडाच्या कडेवरून ओठासारखी पुढे आलीये. त्या सालीला हात लावू नका, नुसतं जवळून बघा.

गावातला वॉटर स्ट्रीट बराचसा नव्याने केलेला आहे, तिथे वानलीचा पूल बघा, ली पोच्या काळात मुळात बांधलेला म्हणतात, आणि पुढे चला. खरं सांगायचं तर इथे थांबण्यापेक्षा तो वेळ गावाबाहेर द्या.

कारण इथून पुढचा कालवा तिकिटात नाही आणि लोक जात नाहीत. सायकल किंवा टॅक्सी घ्या आणि पाटाबरोबर राहा. थायशी मंदिराच्या टेकडीपाशी पाट डोंगरातून कापून काढलाय, हाच तो पाणलोटाचा माथा, मॅपवर बघितलेलं टेकाड. दोन्हीकडे उंच काठ आणि मधून अरुंद पाणी, लोखंडी अवजारांनी आणि हातांनी हे खणलं हे तिथे उभं राहून अंगावर येतं. त्याच्या पुढे कालवा ओढ्यांची पात्रं वापरत जातो, मग काही ठिकाणी नदी कुठली आणि कालवा कुठला ते ओळखू येत नाही. शेतांना पाणी देणाऱ्या छोट्या चाऱ्या इथेच फुटतात. 1930 च्या दशकाच्या शेवटी हूनान-क्वांगशी रेल्वे आली आणि होड्या बंद पडत गेल्या, तरी कालवा मेला नाही, कारण शेतीला पाणी लागतच होतं आणि गाळ काढावाच लागत होता.

1988 मध्ये चीनने त्याला राष्ट्रीय पातळीवर संरक्षित केलं, 2013 मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नाव गेलं, आणि 2018 मध्ये सिंचनाच्या जागतिक वारशात नोंद झाली. माझ्या मते यातली शेवटची नोंद सगळ्यात योग्य आहे, कारण ती चालू असलेल्या पाण्याची नोंद आहे. शेतकरी भेटले तर पाट साफ कधी करतात ते विचारा, ट्रान्सलेट ॲप पुरतं, आणि गाळ काढायचे दिवस कळले तर पुढच्या वेळी त्याच दिवसांत जा, तळ उघडा बघायची तीच संधी.

शेवटचा टप्पा रोंगच्यांग गाव. इथे कालव्याचं पाणी ली नदीत मिसळतं. बघण्यासारखं म्हणाल तर फार नाही, एक पाणी दुसऱ्या पाण्यात जातं. पण सकाळी फाळापाशी हेच पाणी उत्तरेला निघालेलं होतं, तीन वाटे इकडे वळले ते हे. काठावर बसून घ्या थोडं, मग क्वेलिनची बस पकडा, पाणीही तिकडेच चाललंय.